सुजाताची चपटी नळी

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी, किस्से फार! कॉम्प्युटर गणित करत बसतो, मग माणसांनी करायचं काय? आमचं काम कार्बन नॅनोट्यूबवर. केसाहून कितीतरी बारीक अशा या नळ्या. त्या कॉम्प्युटरवर दाबायच्या, पिळायच्या आणि त्यातले इलेक्ट्रॉन कसे वागतात ते पाहायचं.

*

या नळीत अणूंची घरं षटकोनी असतात, अगदी कोंबड्यांच्या जाळीसारखी. म्हणून मॉडेलसाठी मी नारायण पेठेत जाळी आणायला गेलो. "फूटभरच द्या," म्हटलं.

दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोंबडी पाळणार आहात की तिचा फोटो?"

*

सुजाता मेश्राम मूळची नागपूरकडची, राहायला धायरीत. तिच्या गणितात भलतंच निघालं. जी नळी एरवी वीज धड वाहू देत नाही, ती चपटी केली की धातूसारखी वागायला लागते! तिची अख्खी पीएचडी यावर उभी.

आमच्या सरांनी आलेख पाहिला. "छान. आता चूक शोधा."

"चूक नाही न सर! दाबलं की कडांना नळी जास्त वळते, मग इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांमधली फट बुजते."

"असं? मग नीट शोधा."

तिने सगळं पहिल्यापासून केलं. उत्तर तेच. सर म्हणाले, "चूक चिवट दिसते."

*

कोथरूडला सरांच्या सोसायटीचे चेअरमन एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाले, "अहो, नळ्या दाबून उपयोग काय?"

"आपल्या मीटिंगपेक्षा थोडा जास्त," सर म्हणाले.

*

पुढे सरांनी सुजाताचंच गणित गुपचूप मला करायला दिलं. माझंही उत्तर तेच आलं! मी धावतच त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे आता दोघांचं चुकलंय."

खरं सांगतो, मला त्यांचा भयंकर राग आला. शेवटी कुरकुरत का होईना, त्यांनी थिसिसवर सही केली.

*

व्हायव्हाचा दिवस. पहिल्या रांगेत सुजाताचे आईबाबा. बाहेरून आलेले परीक्षक आलेखाजवळ थांबले आणि म्हणाले, "हे मला पटत नाही. दाबल्यावर विजेला अडथळा वाढायला हवा."

सुजाताचा चेहरा उतरला. सर सावकाश उठले. आता हे काय बोलणार?

"मलाही पटलं नव्हतं," सर म्हणाले. "चूक शोधून शोधून मी थकलो. आता आपण शोधायला बसा. चहा सांगू?"