अर्धे आणि उरले

माझी आत्या वेताच्या खुर्च्या विणते. वय त्रेसष्ट. लग्न केलं नाही, कुणी कारण विचारलंच तर म्हणते, "सवडच मिळाली नाही, सारख्या खुर्च्या येत होत्या." तिचं दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेली एक लांबट खोली. एका भिंतीवर फाटलेल्या खुर्च्या टांगलेल्या, समोरच्या भिंतीवर विणून झालेल्या, आणि मधे पाण्याचं मोठं घमेलं. त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. गिऱ्हाईक आलं की इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, "इतक्या खुर्च्या, आणि बसायला एक नाही?" आत्या मान वर न करता सांगते, "बसायला दिल्या तर विणू कधी?"

आमचं आडनाव अर्धे. या आडनावाने आम्हाला पिढ्यानपिढ्या छळलं आहे. आत्या शाळेत असताना बाईंनी हजेरीत "अर्धे!" म्हटलं, की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "नाही बाई, आज पूर्ण आलीय!" मोठेपणी पोस्टमन, डॉक्टर, बँकेतली माणसं, प्रत्येकाला वाटायचं की हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. आत्या प्रत्येकाला नव्याने हसून दाखवायची. "बिचाऱ्यांना बरं वाटतं," म्हणायची.

हे आडनाव आलं कुठून, याबद्दल घरात दोन मतं होती. माझे वडील, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, छातीठोकपणे सांगायचे की आपल्या पूर्वजांना कुणा राजाने अर्धं राज्य दिलं होतं. आत्याचं मत होतं की कुणीतरी पूर्वज हातातलं काम अर्धवट टाकून उठत असणार, आणि त्याचा वारसा भावाने चालवला आहे. यावरून दोघांची जुंपायची. पण खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं की नदीने पात्र बदललं, वरच्या अंगाची वस्ती गिळली, तेव्हा आत्याचे पणजोबा होडीतून बायकोमुलं घेऊन या बाजूला आले आणि खुर्च्या विणायला बसले.

आजोबांना मात्र या आडनावाची लाज वाटायची. एकदा कुठल्याशा कचेरीत साहेब नाव वाचून हसला, आणि ते तडक आडनाव बदलायचा अर्ज घेऊनच घरी आले. एक चांगलं भारदस्त आडनाव त्यांनी हेरूनही ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्ज सापडेना. सापडला तो घमेल्यात, वेताच्या पट्ट्यांखाली, शाई पार विरघळलेला. आत्या तेव्हा पंधरा वर्षांची. ती म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर मला द्या. मी वापरीन." आजोबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसत सुटले. अर्जाचा विषय तिथेच संपला.

तर दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापिका दुकानात आल्या. मुलीकडे राहायला आल्या होत्या, येताना आपली आवडती खुर्ची टॅक्सीच्या टपावर बांधून आणली होती. बैठक एका बाजूने फाटली होती. मी त्या दिवशी दुकानातच होते. आत्याने नेहमीप्रमाणे खुर्ची उलटी केली आणि तशीच धरून उभी राहिली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

तिने मला जवळ बोलावून खालच्या बाजूचा डावा कोपरा दाखवला. वेताचं शेवटचं टोक सगळे कारागीर साधी गाठ मारून उजवीकडे संपवतात. आमच्या घरात ते डाव्या कोपऱ्यात आणून, दोन वेढे देऊन, उलटं खोचतात. का, ते विचारायचं नाही. आजोबांनी तसं शिकवलं म्हणून तसं. आत्याने पंचेचाळीस वर्षांत हजारो खुर्च्या उलट्या करून बघितल्या होत्या. ही गाठ तिने दुसऱ्या कुणाच्या खुर्चीला कधी पाहिली नव्हती.

"बाई, ही कुणी विणली?"

"आमच्या तिकडचे मिस्त्री आहेत. म्हातारे आहेत, पण हात अजून चांगला आहे."

"तिकडे म्हणजे?"

नदीच्या खालच्या अंगाला, बसने अडीच तास. आत्याने पत्ता लिहून घेतला आणि त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावलं. तिच्या दुकानाला कामाच्या दिवशी कुलूप म्हणजे गल्लीत चर्चेचा विषय. समोरचा शिंपी धावत आला, "कुणी आजारी आहे का?"

"मीच," आत्या म्हणाली. "उत्सुकतेने."

मिस्त्रींची कार्यशाळा खिळे-बिजागऱ्यांच्या एका दुकानामागे होती. पत्र्याचं छप्पर, जमिनीवर वेताची भुसकटं, आणि मधोमध जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक बारीक चणीचे म्हातारे. आत्याने नमस्कार केला, पण नाव सांगितलं नाही. तिथली एक खुर्ची उचलून सरळ उलटी केली.

"अहो बाई, खुर्ची बघायची तर तोंड बघा. पोट काय बघता?"

"खरं काय ते पोटावरच कळतं," आत्या म्हणाली.

म्हातारे खूश झाले. त्यांच्या पुढ्यात एक बैठक जवळजवळ विणून झाली होती, फक्त शेवटचं टोक उरलं होतं. आत्याने विचारलं, "मी खोचू का?" उत्तराची वाट न बघता तिने टोक डावीकडे ओढलं, दोन वेढे दिले, उलटं खोचलं. म्हाताऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि कोपऱ्यावर बोट फिरवून पाहिलं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"वडिलांनी."

"त्यांना?"

"त्यांच्या वडिलांनी. तुम्हाला?"

"माझ्या आजोबांनी. आणि त्यांना त्यांच्या आईने. डावखुरी होती ती. तिच्या हाताला तसंच सोपं पडायचं, म्हणून पोरंही तशीच शिकली." मग त्यांना एकदम आठवलं. "पण आपण कोण?"

"मी अर्धे."

म्हातारे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत हसले. आतून त्यांची बायको पाणी घेऊन धावत आली. ठसका थांबल्यावर ते म्हणाले, "तुम्ही अर्धे, आणि आम्ही उरले!"

त्यांचं आडनाव खरोखरच उरले होतं. त्यांच्या घरात सांगायचे की कुठल्याशा साथीतून एवढेच जण उरले, म्हणून उरले. पण नदी, होडी आणि बुडालेली वस्ती त्यांच्याही गोष्टीत होती. फक्त त्यांचे आजोबा खालच्या धक्क्याला उतरले होते आणि आत्याचे पणजोबा वरच्या.

आता आत्या गप्प बसणं शक्यच नव्हतं. पुढच्या गुरुवारी ती, मिस्त्री आणि मी जुन्या दप्तराच्या कचेरीत हजर. तिथल्या दप्तरवाल्या बाई अर्जावरची दोन नावं वाचून म्हणाल्या, "अर्धे, उरले. पाव कुणी नाही का?" आत्या मनापासून हसली. त्या हसण्यावरच बाई आमच्या बाजूच्या झाल्या.

धक्क्यावर उतरणाऱ्यांच्या नोंदींची दप्तरं कापडात बांधलेली होती. एकेक सोडलं की चौघंही शिंकायचो. पहिला गुरुवार कोरडा गेला. दुसऱ्या गुरुवारी मिस्त्रींनी चुकून दुसऱ्याच कुणाचे पूर्वज शोधून काढले. तिसऱ्या गुरुवारी दुपारी दप्तरवाल्या बाईंनी बोट एका ओळीवर ठेवलं आणि जुनं वळणदार अक्षर मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

वरचा धक्का. कर्त्या पुरुषाचं नाव होतं ते आत्याच्या पणजोबांचंच. आडनावाच्या रकान्यात: अर्धे. माणसे पाच. सामान: वेताच्या मोळ्या तीन, सुरी, टोचा, भांडी. शेरा: बाकीचे पुढच्या फेरीस.

"म्हणजे बघा," बाई म्हणाल्या, "कारकुनाने विचारलं असणार, सगळे आलात का? हे म्हणाले, अर्धे. त्याने घातलं लिहून."

मग त्यांनी खालच्या धक्क्याचं दप्तर घेतलं. अकरा दिवसांनंतरची नोंद. पूर वाढल्यामुळे त्या दिवशी सगळ्या होड्या खाली वळवल्या होत्या, तसं पानाच्या माथ्यावरच लिहिलेलं होतं. अक्षर दुसऱ्या कारकुनाचं. आडनाव: उरले. माणसे चार. सामान: वेताच्या मोळ्या सहा. शेऱ्यापाशी येऊन बाई थांबल्या आणि मग हळू आवाजात वाचलं, "भाऊ पुढे गेला आहे. त्यास शोधीत आहेत."

आत्या त्या शेऱ्यावरून नजर हलवत नव्हती. मिस्त्री म्हणाले, "धाकटा होता आजोबा. शोधलं असणार त्याने."

"आमच्यानेही शोधलं असेल," आत्या म्हणाली. "पण विचारायचं कुठल्या नावाने? इकडे एक लिहिलेलं, तिकडे दुसरंच."

"आणि दोघांनाही वाचता येत नसणार," बाई म्हणाल्या. "मग तुमचं मूळ आडनाव काय म्हणायचं? ते तर कुठेच नाही."

मिस्त्रींनी आत्याकडे बघितलं. आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, "लिहिलंय की. अर्धे आणि उरले, हेच."

बाहेर पायऱ्यांवर बसून दोघांनी बोटांवर मोजत नातं लावलं. तिचे पणजोबा आणि यांचे आजोबा सख्खे भाऊ. म्हणजे मिस्त्री तिच्या वडिलांच्या पिढीचे, तिचे चुलत काका. एकसष्टाव्या वर्षी आत्याला बहात्तर वर्षांचा काका मिळाला. "आता वाकून नमस्कार करायला लागणार," ती कुरकुरली. "माझे गुडघे बघितलेत का?" काका म्हणाले, "राहू दे, मलाही वाकून उठवता यायचं नाही."

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. त्यांना भाऊबंद सापडल्याचा आनंद झाला, पण चेहरा जरा उतरलाच. "म्हणजे अर्धं राज्य वगैरे काही नाही?"

"तीन मोळ्या वेत होता," आत्या म्हणाली. "त्यातली अर्धी तुझी."

आता दर मंगळवारी आत्या बसने काकांकडे जाते. गेल्या वर्षी तिकडच्या एका वाचनालयाने जुन्या साठ खुर्च्या नव्याने विणायला दिल्या. काकांचे डोळे थकलेत, एकट्याला झेपणारं काम नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून घेतलं. पहिल्याच दिवशी भांडण. काका म्हणतात वेत थंड पाण्यात भिजवायचा, आत्या म्हणते कोमट. शेवटी काकूंनी दोन घमेली आणून दोघांच्या पुढ्यात आपटली आणि त्या आत निघून गेल्या. काम तीन महिने चाललं आणि सबंध तीन महिने दोघं एकमेकांच्या पाण्यात बोट घालून नाक मुरडत होते.

खुर्च्या पोचत्या झाल्यावर मी दोघांबरोबर वाचनालयात गेले. माणसं निवांत वर्तमानपत्रं वाचत बसली होती. कुठली खुर्ची कुणाची, मला काही ओळखता येईना.

"सोपं आहे," आत्या कुजबुजली. "काकांच्या सैल आहेत. तो टोपीवाला बघ, कसा खोल गेलाय."

"हिच्या इतक्या घट्ट," काका माझ्या दुसऱ्या कानात म्हणाले, "की माणूस बसला की परत उभाच राहतो."

वाचनालयाच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून तिघांकडे रोखून बघितलं, आणि आम्ही निमूटपणे बाहेर आलो.