रुखवतातलं बिनछपराचं इंजिन

लोकांच्या चुका दुरुस्त करायची मला खोड आहे. शाळेत कारकुनी करताना मी हेडमास्तरांनाही सोडत नाही. घरात तर कुणाचीच सुटका नाही. बायको म्हणते, तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटते. मी हसून सोडून देतो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे आता कळतंय.

काही वर्षांपूर्वी मोबाइलवर इंग्लंडातल्या पहिल्यावहिल्या वाफेच्या इंजिनांची चित्रं पाहिली आणि मला त्यांचं वेड लागलं. मालगाडीची नव्हेत, माणसं नेणारी इंजिनं. जोरात पळायला हवीत म्हणून मधोमध माणसाहून उंच चाकांची एकच जोडी, पुढेमागे लहान चाकं. बॉयलरवर लाकडी पट्ट्या आणि त्यांना आवळून धरणारे पितळी पट्टे. मागे ड्रायव्हरला उभं राहायला नुसता उघडा ओटा. ना भिंत, ना छप्पर. पुढे डबे जड झाले, ती एकटी जोडी रुळावर घसरायला लागली. मग तीच इंजिनं कारखान्यात नेऊन शेजारची चाकंही मोठी केली आणि दांड्याने मधल्या जोडीला जोडली, बॉयलर बदलला, ड्रायव्हरपुढे आधी काच बसवलेला पत्रा आणि नंतर डोक्यावर छप्पर चढवलं. काहींचा नंबर तेवढा जुना राहिला, बाकी ओळखू येईना. मला या दुरुस्त्यांचा फार राग. पहिल्याने इतकं देखणं काम केलं आणि मागून आलेल्यांनी त्याची वाट लावली, असं मी ऐकेल त्याला सांगायचो. ऐकणारं बहुधा घरातलंच असायचं.

मागच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. पोरगी शिक्षिका आहे, सासर तलमडुगूचं, व्याही निवृत्त मास्तर. आमच्याकडे लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात. लाडू-शेवेच्या परड्या, मण्यांचे मोर, लोकरीची तोरणं, थर्माकोलचा बंगला. करणारं घरातलं कुणीही असो, ते सगळं मुलीच्या हातचं म्हणून मांडायचं. नवऱ्याकडच्या बाया एकेक वस्तू उचलून पाहतात आणि मुलीचा हात कसा आहे ते तिथल्या तिथे ठरवतात. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी जाहीर केलं, या रुखवतात इंजिन असणार.

जुन्या चौकटीच्या सागवानातून मी चाकं कापली. पावडरच्या डब्याचा बॉयलर केला, त्यावर बांबूच्या पट्ट्या चिकटवल्या, हिरवा रंग दिला. खरं सांगतो, सुरेख झालं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीच्या हातानेच मुलगी ते बघायला आली.

"बाबा, याले छप्पर लावून द्या नं. ड्रायव्हर भिजन."

"भिजू दे. तवाचे ड्रायव्हर भिजतच होते."

"पण अर्धवट दिसते. तिकडच्या बायांले कोण सांगन हे?"

"मी सांगीन," मी म्हणालो. "छप्पर लावलं तर ते खोटं होते."

ती आत निघून गेली. अंगणात पत्र्याचे तुकडे पडले होते, एक वाकवून लावायला फार वेळ लागला नसता.

दुसऱ्या दिवशी मावला गावच्या फंक्शन हॉलमध्ये पंचशील झालं, लग्न लागलं आणि बाया रुखवताकडे वळल्या. नवऱ्याच्या एका आत्याने इंजिन उचललं, उलटंपालटं केलं.

"पोरीनं हे अर्धंच सोडलं वाटते."

"मागचे चाकं पाह्य ना, लहानच राह्यले," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी पुढे झालो. सांगेन म्हटलं होतं, सांगितलं. एका जोडीने वेग कसा मिळतो, ती घसरते कशी, पुढच्यांनी मूळ इंजिनाचा सत्यानाश कसा केला, सगळं. पंगती खोळंबल्या होत्या. बाया "हव, हव" म्हणत एकमेकींकडे बघत होत्या. स्टेजवरून मुलगी माझ्याकडे एकटक पाहत होती. मला वाटलं, तिला अभिमान वाटतोय.

कापूस फुटायला लागला तेव्हा आम्ही नवराबायको पहिल्यांदा तलमडुगूला गेलो. बैठकीत शिरलो तोच समोरच्या काचेच्या कपाटात माझं इंजिन दिसलं. त्याला छप्पर होतं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कुणाला लागू नये म्हणून कडा दुमडून, बॉयलरच्याच हिरव्या रंगात रंगवलेलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते बायकोला बरोबर कळलं असावं. तिने माझी बाही ओढली.

तेवढ्यात विहीणबाई पाणी घेऊन आल्या. "आता हात कसे हायेत, इवाई?"

मला काही उमगेना. मी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"पोरीनं सांगतलं आमाले," व्याही हळू आवाजात म्हणाले. "तुमचे हात थरथरत होते म्हणून इंजन अर्धं राह्यलं. आमच्या बाया त्या दिवशी हसल्या, लय वाईट वाटलं. काऊन नाई सांगतलं तुमी तवाच?"

"छप्पर तिनंच बसवलं," विहीणबाई म्हणाल्या. "बाबाचं राह्यलेलं काम पुरं करतो म्हणे."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे, आणि नजर माझ्यावर. तशी नजर मी शाळेत पुष्कळ पाहिली आहे. उत्तर चुकलेली पोरं मास्तरकडे तशी पाहतात. माझे हात ठणठणीत आहेत आणि इंजिन जसं होतं तसंच पुरं होतं, एवढं मी म्हटलं असतं की ती त्या घरात खोटारडी ठरली असती, आणि बायांचं ते हसू पुन्हा तिच्या वाट्याला आलं असतं. आणि मी तसं म्हणेन याची तिला खात्री होती. सासरच्या घरात ती सासूला भीत नव्हती, सासऱ्याला भीत नव्हती. ती मला भीत होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. त्या लग्नात मी माझ्या इंजिनाची अब्रू राखत बसलो होतो आणि पोरीने तिची स्वतःची कशीबशी राखली होती, माझा हट्ट झाकून.

"थोडा फरक हाये आता," मी म्हणालो. "छप्पर पायजेच होतं. माह्यानं झालं नाई."

बायकोने माझी बाही सोडली. मुलगी पुढे आली आणि तिने कपबशी माझ्यापुढे धरली. विहीणबाईंचं लक्ष माझ्या बोटांकडे होतं. मी कपबशी दोन्ही हातांनी घेतली आणि जरा हलू दिली. कप बशीवर वाजला, थोडा चहा सांडला.

"राहू द्या, बाबा," म्हणत मुलगी माझ्यासमोर खाली बसली. तिने कपबशी काढून घेतली, चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी माझ्या ओठांशी आणली. सगळ्यांच्या देखत मी लेकीच्या हातून चहा प्यालो. बशी धरलेला तिचा हात खरोखर थरथरत होता.