कोपरीतली पत्र्यावरची दारं

तो पहारा आठवला की आजही मला हसू येतं, आणि मग ते मध्येच थांबतं.

ठाण्यात कोपरीतली एक इमारत नवी बांधायची म्हणून पाडून बिल्डर गप्प बसला होता. रहिवासी भाड्याच्या खोल्यांत पांगले होते. प्लॉटभोवतीच्या पत्र्यांवर कोणीतरी त्यांच्या घरांची दारं रंगवू लागलं. तोरण, चपला, कडीला अडकवलेली दुधाची पिशवी, सगळं हुबेहूब. प्रत्येक दारावर एकच ओळ : ‘आम्ही परत कधी यायचं?’

बिल्डरच्या मॅनेजरने आमच्या पोलीस चौकीत विद्रूपीकरणाची तक्रार दिली. आम्ही रात्रीचा पहारा लावला. एका मांजराशिवाय कोणी फिरकलं नाही. दारं मात्र वाढत गेली.

शेवटी नाक्यावरचा केळीवाला म्हणाला, “साहेब, मावशी भरदुपारी येतात.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमच्याच हवालदाराने शिडी धरलेली! मला वाटलं, सरकारी काम.”

हवालदार ओशाळला. “शहर सुशोभीकरणवाल्या वाटल्या, साहेब. गुन्हेगार शिडी धरायला पोलिसाला हाक मारेल का?”

मावशी म्हणजे चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. त्याच इमारतीतल्या; आता माजिवड्याला भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. चौकशीत त्यांनी सगळं कबूल केलं, वर चहा पांचट म्हणून मलाच सुनावलं.

“बिल्डरवर आम्ही केस केलीय, पण कोर्टात तारखेला मी एकटीच असते हो. फोन केला की सगळे ‘बघू’ म्हणतात. म्हटलं, स्वतःचं दार दिसलं तर एखादा तरी थांबेल.”

“थांबलं कोणी?”

“केळीवाला.”

पत्रे पुसणं भाग होतं. पण त्याआधी पंचनामा! कोणतं दार कोणाचं, याची ओळख नको पटायला? मी सगळ्या रहिवाशांना रविवारी जागेवरच जबाबाला बोलावलं. पोलिसांच्या फोनला ‘बघू’ कोण म्हणणार?

सगळे आले. “अगं बाई, आमची वाकडी कडीसुद्धा काढलीय!” एकजण दारापुढे उभा राहून रडला. दोघे जुन्या पार्किंगवरून नव्याने भांडले. मग पुढच्या तारखेला मिळून जायचं ठरलं.

पांगापांग झाल्यावर मी विचारलं, “मावशी, यात तुमचं दार कुठाय?”

“माझ्या दाराशी कोण थांबणार, साहेब?”

दुसऱ्या दिवशी मॅनेजर बोंबलत आला. पत्र्यावर आणखी एक दार होतं. वाकडंतिकडं, चार हातांनी चार रंगांत काढलेलं. वर मावशींचं नाव.

अख्ख्या नोकरीत मी माणसं हुडकत फिरलो. त्यांना एकमेकांची गरज किती असते, हे मला त्या केसने शिकवलं. पंचनाम्यात त्या शेवटच्या दारापुढे मी ‘अज्ञात इसम’ असं लिहिलं, आणि तो तपास जमेल तितका वाईट केला.