बुटका पट्टा

सुसम्मा सिस्टरनी समजावलं, नाहीतर मी जन्मभर चुकीचंच धरून बसले असते. सातवीतून शाळा सोडलेली मी, आखातातल्या या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाची फरशी पुसते. परवा तिथं भिंतीवर एक कागद लागला. कुठल्या देशात शंभरातल्या किती बायकांचं सिझर होतं, त्याचे उभे पट्टे. एक पट्टा अगदी बुटका होता.

"हा देश नशीबवान हो, सिस्टर. बायकांना कापतच नाहीत."

सिस्टर मूळच्या केरळच्या, पण सांगलीकडं शिकलेल्या, मराठी छान बोलतात. म्हणाल्या, "वेडाबाई, कापत नाहीत की कापायला कुणी नाही? कुठं उगाच कापतात, कुठं गरज असून डॉक्टर नसतो. पट्टा ते सांगत नाही."

माझा हात बादलीतच राहिला. माझी धाकटी लेक शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी सिझर लागेल म्हणून लिहून दिलं होतं. मीच म्हणाले, "आपल्या घरात अजून कुणाचं पोट फाडलं नाही." केवढा तोरा होता त्यात! कळा दोन दिवस चालल्या, मग गाडी शोधली. शालन वाटेतच गेली, बाळासकट. अशा वाटेत गेलेल्या बायका कुठल्या पट्ट्यात मोजतात, कोण जाणे.

सिस्टरनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली फरशी स्वतःच पुसली.

सिस्टर, हे मी फेडीन. तुमच्या लेकीला दिवस गेले की केरळात जाऊन तिचं बाळंतपण मी काढीन, आणि डॉक्टर सांगतील त्याला पहिल्या शब्दात हो म्हणेन.