मी लिंपलेल्या मोऱ्या

माझं माहेर ताडकळसकडचं, कोरडवाहू. विहिरीतलं सोडलं तर खोल पाणी मी लग्नाआधी पाहिलं नव्हतं, आणि मला दिली कुठे, तर गंगेच्या काठी, नावाड्याच्या घरात. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. पूल नव्हता. पालमच्या बाजाराला जायचं तर आमच्या नावेतून पलीकडे उतरायचं आणि पुढे चालत किंवा गाडीनं. जाताना वारा पाठीशी असायचा, म्हणून शीड उभारायचे. येताना वल्ही मारत यायचं.

नाव जुनी होती. रझाकारांच्या धामधुमीत कुणी ओढून नेऊ नये म्हणून सासऱ्यांनी ती दगड भरून डोहात बुडवून ठेवली होती. वर काढली तेव्हापासून तिचे सांधे पाझरायचे. तळाला आडव्या लाकडी बरगड्या होत्या, त्यांच्यामुळे तळाचे कप्पे पडले होते. प्रत्येक बरगडीला खाली दोन भोकं. पाझरलेलं पाणी त्या भोकांतून एका कप्प्यातून दुसऱ्यात असं सरकत मागच्या खळग्यात यायचं, आणि तिथून ते डब्यानं उपसायचं. त्या भोकांना घरात मोऱ्या म्हणत. हे सगळं मला आज ठाऊक आहे. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, ही त्या घराची रीत. काही सांगायचं असलं तर नणंदेच्या कानात सांगायचं, मग ती बापाला सांगायची.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. घर सारवून झालं. सारवण्यात माझा हात धरणारी माहेरी कुणी नव्हती, आणि सासरी ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला वाईट वाटायचं. सासू नावेला घरची लेक म्हणायची, सणाला तिची ओटी भरायची. मला वाटलं, लेकीचं अंग असं कळकट का ठेवावं? दुपारी पुरुषमाणसं जेवून आडवी झाली तशी मी शेणाची पाटी घेऊन काठावर गेले. वरच्या फळ्या उचलल्या आणि तळ सारवून काढला. तिथे ती भोकं दिसली. आमच्या गावी भुईत भोक दिसलं की ते उंदराचं, पांढऱ्या मातीत भुसा कालवून गच्च बुजवायचं. मी तसंच केलं. दहाच्या दहा, अंगठ्यानं दाबून, वरून बोट फिरवून. फळ्या जागेवर टाकल्या आणि कुणाला काही बोलले नाही. त्यांनी आपणहून बघावं आणि कौतुक करावं, एवढी हाव होती.

दुसऱ्या दिवशी नणंद बाळंतपण आटोपून सासरी निघाली. पलीकडे उतरेपर्यंत तिच्या दोन महिन्यांच्या लेकराला सांभाळायला सोबत म्हणून मला पाठवलं. बाजारचा दिवस, त्यामुळे आणखी सहा-सात माणसं होती आणि पुढच्या अंगाला मुगाची पोती रचलेली. सासरे सुकाणूला, नवरा शिडाच्या दोरीला. निघताना सासऱ्यांनी खळग्यात वाकून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाले, "आज नाव लय कोरडी हाय." मला इतका आनंद झाला की पदराआड मी हसले. माझ्या सारवण्यानं पाझर थांबला, असंच मला वाटलं.

गंगा गढूळ आणि भरलेली होती. काठावरच्या अर्ध्या बुडालेल्या बाभळी मागे पडल्या, वारा शिडात भरला आणि नाव सपाट्यानं निघाली. मी लेकरू मांडीवर घेऊन मधोमध बसले होते. तळपायाला गार लागलं. बघते तर फळ्यांच्या फटीतून पाणी वर येत होतं. मी मान वळवून खळगा पाहिला. कोरडा. पुन्हा पुढे पाहिलं. पोत्यांच्या खालची फळी भिजून काळी झाली होती.

तेव्हा मला कळलं. पाणी नेहमीसारखंच येत होतं, रात्रभर आलं होतं. फक्त त्याची वाट मी बंद केली होती.

आणि मी गप्प बसले. हे लिहिताना आजही लाज वाटते. सांगितलं तर माहेरी धाडतील, बाप चार माणसांत मान खाली घालील, आणि एवढ्या परक्या पुरुषांसमोर मी सासऱ्यांशी बोलायचं तरी कसं? थोडंसंच पाणी आहे, काठ आलाच, असं मी मनाशी म्हणत राहिले. मांडीवर नणंदेचं लेकरू झोपलं होतं आणि मी माझ्या अब्रूचा विचार करत होते.

नावेचं तोंड जड झालं. लाट आली की ते वर उठेना. सुकाणू फिरवलं तरी नाव ऐकेना. सासऱ्यांनी खळग्यात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली. शीड उतरवायचं म्हटलं तर पाण्याची ओढ खालच्या खडकांवर नेणार, आणि ठेवायचं तर वारा तोंड आणखी दाबणार. त्यांनी सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. ओझं पुढं जास्त झालं, पोती गंगेत टाका, असं नवऱ्याला म्हणाले. मुगाचा मालक पोत्याला मिठी मारून बसला. आरडाओरडा सुरू झाला. लेकरू जागं होऊन रडायला लागलं.

मी नणंदेच्या कानाशी लागले. ती घाबरून लेकराला ओढून घेत होती, तिला काही ऐकूच येईना. मग मात्र मी उभी राहिले. पदर वाऱ्यानं उडाला, तो सावरला नाही.

"मामा, पानी फळ्यांच्या खाली हाय. मोऱ्या म्या लिंपल्या."

 नवरा दोरी धरून माझ्याकडे बघतच राहिला. सासऱ्यांनी फक्त विचारलं, किती. मी म्हटलं, समद्या.

"मंग कुठं हायेत ते तुलाच ठावं. काढ."

मी पुढच्या फळीला हात घातला तसे ते ओरडले, की मागून सुरू कर, नाहीतर पाणी नुसतं या कप्प्यातून त्या कप्प्यात जाईल. मी खळग्याशी पालथी पडले आणि काळ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. शेण विरघळलं होतं, पण पांढरी माती भुशासकट लाकडाला धरून होती. माझंच काम, पक्कं झालं होतं. नखं तुटली. पहिली मोरी मोकळी झाली आणि पाणी बोटांवरून खळग्यात पडलं. नवऱ्यानं दोरी एका बाजारकरूच्या हातात दिली आणि तो उपसायला लागला. दुसरी, तिसरी, चौथी. मुगाच्या मालकानं न सांगता पोती एकेक करून मागे ओढली. सगळी माणसं मागे दाटीनं बसलेली, पुढे मी एकटी, आणि लाटेचं पाणी माझ्या पाठीवर येत होतं. नववी सुटली. दहावी काही सापडेना. कोपऱ्यात चाचपडत मी रडत होते, मोठ्यानं, लाज सोडून. शेवटी अंगठ्याला माझ्याच अंगठ्याचा खळगा लागला, जिथे मी दाबून बसवलं होतं तिथेच. ती उकरली तेव्हा नावेचं तोंड हळूहळू वर आलं, आणि सासऱ्यांच्या हातातलं सुकाणू पुन्हा ऐकायला लागलं.

पलीकडे उतरताना माणसं मला काय काय बोलली ते सोडून देते. नणंद मात्र लेकराला छातीशी धरून, माझ्याकडे न बघता गाडीत बसली.

येताना नावेत आम्ही तिघंच. नवरा वल्हं मारत होता. मधली धार ओलांडल्यावर सासऱ्यांनी मला विचारलं, तुला कळलं कधी? खोटं सांगता आलं असतं. मी बोट करून बाभळी दाखवल्या. त्यांनी बाभळींकडे पाहिलं, मग वळून मी उभी राहिले होते त्या मधल्या धारेकडे. मधे अर्धी गंगा होती. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"बोलायचं न्हाई ही रीत आमीच लावली," ते म्हणाले. "ती नावंत चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर माणसं बसली होती, सासू घागर घेऊन पायरीवर उभी होती. मी काडीनं दहाही मोऱ्या साफ करून पदर पुढे ओढून बाजूला झाले. सासऱ्यांनी खुंट्याची दोरी हातात घेतली, पण सोडली नाही. सगळ्यांसमोर मला विचारलं, "मोऱ्या बगितल्या का?"

मी मान हलवली. ते तसेच उभे. कुणीतरी म्हणालं, अहो उशीर व्हायलाय. सासू पायरीकडे बघत होती.  सासरे दोरी धरून माझ्याकडे बघत राहिले, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या बाभळी आल्या.

"बगितल्या, मामा," मी म्हटलं, घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. तेव्हा त्यांनी दोरी सोडली.