दार सोडून काढलेलं चित्र

सोलापूरजवळ कुंभारीला आमच्या वसाहतीतली घरं विड्या वळणाऱ्या बायकांना मिळालेली आहेत. जिच्या नावावर घर, तिनंच त्यात राहायचं. भाड्यानं दिलं तर घर जातं, असं गल्लीत सगळे म्हणतात. नियम खरा काय आहे ते मी कधी विचारलं नाही. आमच्या गल्लीत असं विचारणाऱ्याकडंच लोक संशयानं वळून बघतात.

समोरच्या घरात अक्का भाड्यानं राहते. ती अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कन्नड बोलते. कुणी अनोळखी आलं की ती मालकिणीची भाची होते.

मी सोलापुरात चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं तिथं आम्ही दिवसभर काय करतो हे आईला सांगताना मी अजून अडखळते. गेल्या वर्षी वार्षिक प्रदर्शनासाठी प्रत्यक्ष बघून काढलेलं एक चित्र द्यायचं होतं. फोटोवरून काढलेलं चालणार नव्हतं. माझं निवडलं गेलं तर आईला घेऊन जायचं, असं मी मनात ठरवलं होतं. तिनं कॉलेज आतून पाहिलेलं नाही.

दुपार उतरली की आमच्या गुलाबी भिंतीवरचं ऊन उलटून अक्काच्या दारात जायचं. ती उंबऱ्यात विडीच्या पानांचं सूप घेऊन बसलेली असायची. तिच्या गालाची सावलीतली बाजू गुलाबी व्हायची आणि हनुवटीखाली पानांचा हिरवा उजेड पडायचा. मला तेच हवं होतं. पण ऊन थांबत नाही, रंग कालवेपर्यंत सरकतं. म्हणून मी आधी पेन्सिलनं रेखाटन करते आणि प्रत्येक भागावर आकडा घालून ठेवते. सगळ्यात उजळ तो एक, सगळ्यात गडद तो पाच. त्या दिवशी कागदावर अक्काच्या भिंतीला दोन घातला, दाराच्या आत पाच, शेजारच्या कुलूप लावलेल्या दाराला चार.

शेजारच्या काकू मागं येऊन उभ्या राहिल्या.

"घरांवर आकडे कशाचे गं?"

"उजेडाचे, काकू."

"उजेड मोजतीस व्हय? आजवर लाईटबिलवाला मोजत हुता, आता तू."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चित्राचा पाट घेऊन बाहेर बसले, तर बायका आपापली सुपं उचलून आत गेल्या. "आली मोजणीवाली," असं कुणीतरी म्हणालं. अक्काच्या दाराला आतून कडी होती.

आईनं विडीला दोरा बांधता बांधता विचारलं, "तुझ्या सरांना आपली घरं कशाला पायजेत?"

"घरं नकोत, चित्र पाहिजे."

"चित्रात घरंच हायत की."

"त्यांनी सांगितलं म्हणून काढतीस, का तुझ्या मनानं?" असं तिनं पुढं विचारलं. मी पेन्सिलीला टोक करत बसले.

कॉलेजात सरांना रेखाटन आवडलं. ते म्हणाले, "वस्ती कुठली ही? ही बाई तुझी कोण?" आणि मग, "निवडीला पाहुणे येणार आहेत. त्यांना अशा जागा बघायला आवडतात. एकदा घेऊन येतो त्यांना." ते साधंच बोलले असतील. पण परतताना बसमध्ये मी तेच घोकत होते. पाहुणे कोण? त्यांना जागा कशाला बघायची? ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यावर संशय घेते म्हणून लाज वाटत होती, आणि संशय तर जात नव्हता.

घरी न जाता मी अक्काकडं गेले. तिनं अर्धं दार उघडलं.

"माझ्या घरावर काय लिहिलीस?"

मी कागद दाखवला. दोनावर बोट ठेवून भिंत दाखवली, पाचावर ठेवून आतला अंधार. तिनं दोन्हीकडं नीट बघितलं.

"तुझं तुला कळतंय. दुसऱ्यानं बघितलं तर?"

मी तिला सरांच्या पाहुण्यांचं सांगून टाकलं.

"मालकीण आधी मला बाहेर काढंल," ती म्हणाली. "पोरांची शाळा मधीच ऱ्हाईल." मग म्हणाली, "मला काढ. दार काढू नको. भिंत नको, आकडा नको. आणि हा कागद हितं ठेवून जा."

कागद तिनं माझ्यासमोरच चुलीत घातला.

मागच्या बाजूला पत्र्याखाली ती बसली. तिथं गुलाबी उजेड नव्हता, हिरवाही नव्हता. सगळं राखाडी. ती ताठ बसली आणि माझ्या कुंचल्यावर नजर ठेवून राहिली. मी खूप वेळ तिला "सैल बस" म्हणत होते. मग लक्षात आलं की खरं तर हीच नजर काढायला हवी. डोळे काढून झाल्यावर मागं काही भरावंसं वाटलं नाही. कागद कोराच ठेवला.

सरांनी चित्र लांब धरून पाहिलं. "नजर चांगली आली आहे. पण मागचं सगळं कुठं गेलं? हे फोटोवरून काढलंयस."

"नाही सर, समोर बसवून काढलं."

"मग जागा दाखव. पाहुण्यांना तिथंच नेऊ."

"जागा नाही सर."

ते रागावले नाहीत. चित्र मात्र घेतलं नाही. मी खोटं बोलले असं त्यांना अजूनही वाटत असेल. आईला मी एवढंच सांगितलं की निवडलं नाही. ती म्हणाली, "बरं."

अक्कानं मला गल्लीतच गाठलं.

"लावलं का चित्र?"

"नाही."

"कुणी बघितलं?"

"सरांनी."

"काय इचारलं?"

"कुठं काढलं ते."

"मग?"

"सांगितलं नाही."

ती आत गेली आणि आतून हाक मारली, "ये, च्या टाकते." मी उंबऱ्याशी चपला काढल्या. तिनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बघितलं.

"त्यात काय हाय?"

"डबा."

मी पिशवी उघडून तिला डबा दाखवला, मग आत जाऊन बसले.