फ्रिजमागचा मासळीचा वास

ज्या वर्षी आपलं भिवंडीचं घर जळता जळता वाचलं, त्या वर्षी मी शेजाऱ्यांचं मासे खाणं बंद केलं होतं.

निखिल, परवा फोनवर तू म्हणालास की तुम्ही घेतलेल्या जुन्या घराच्या भिंतींत अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी निघाल्या. मागून रेवा म्हणाली, त्यात काय एवढं. तेव्हा आजीचं हे पत्र दोघांनीही वाचा.

भिवंडीतल्या टेमघरचं आपलं घर तुमच्या पणजोबांनी बांधलं तेव्हा सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमचीच वायर घालत. चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढाच तिचा संसार होता आणि तो तिने बिनबोभाट चालवला. मग ऐंशीच्या दशकात आमच्याकडे फ्रिज आला. वायरमन म्हणाला, पॉइंट आहे तिथेच ठेवा. मी म्हटलं, दोन कपाटांच्या बरोबर मध्ये ठेवायचा. (शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांकडून समाससुद्धा पट्टीने आखून घेत असे. फ्रिजला वेगळा न्याय कसा लावणार?) वायर हातभर कमी पडली. त्याचं म्हणणं होतं की मेनपासून नवी वायर ओढावी. म्हणजे भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या उखडायच्या, आणि त्याही नुकत्याच दिलेल्या रंगावरून! मी त्याला जोड द्यायला लावला. त्याने जुन्या वायरला तांब्याच्या वायरचा तुकडा पिळून लावला, वर काळी टेप गुंडाळली, आणि फ्रिज अगदी मधोमध बसला. मी लांब उभी राहून पाहिलं. फार समाधान झालं.

काही महिन्यांनी स्वयंपाकघरात मासळीचा वास येऊ लागला.

ज्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही त्या घरात मासळी! मी फ्रिज रिकामा करून खायच्या सोड्याने पुसला. मोरी घासली. डबे उन्हात टाकले. तुमच्या आजोबांच्या ऑफिसच्या पिशवीचासुद्धा वास घेतला. (ते म्हणाले, संशयच घ्यायचा तर जरा भारी गोष्टीचा तरी घे.) वास काही जाईना. उरली ती एक भिंत, आणि भिंतीपलीकडे मथुरावहिनी.

मथुरावहिनी आगरी. राहनाळला त्यांची मोठी जमीन होती आणि तिच्यावर गोदामं उभी राहिली होती. पण वागण्यात त्याचा मागमूस नव्हता. रोज दुपारी मागच्या दाराने त्या यायच्या, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या आणि बोलता बोलता माझीच मेथी निवडून द्यायच्या. भिवंडीत मला ओळखी पुष्कळ होत्या. मैत्रीण ही एकच.

आणि तिला मी एका दुपारी खेळती हवा, सामाईक भिंत आणि शेजारधर्म या विषयांवर छोटंसं व्याख्यान दिलं. फार सभ्य शब्दांत दिलं. 'घाण' हा शब्द तर मी एकदाही वापरला नाही, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. त्यांचा मेथीवरचा हात थांबला. "बरं बाई," एवढंच म्हणून त्या उठल्या.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात मासळी शिजली नाही. त्यांचे यजमान बळीरामभाऊ मासळीशिवायच्या जेवणाला नाश्ता म्हणायचे. ते संध्याकाळी मोटरसायकल काढून दिघाशीला बहिणीकडे जेवायला जाऊ लागले. मथुरावहिनींचं दुपारचं येणंही थांबलं. मी एकटीच मेथी निवडत बसे, आणि वास मात्र वाढतच होता.

यावर एखाद्या शहाण्या माणसाला काही शंका आली असती. मी आजोबांना म्हटलं, "ते लोक चोरून खात असणार."

"चोरून?" आजोबा म्हणाले. "स्वतःच्या घरात?"

तरी मी गेलेच. मागच्या अंगणात उभं राहून मथुरावहिनींना विचारलं, "आज काही केलं होतंत का?" त्यांनी पदराला हात पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मध्यभागी उभं राहून त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला.

"बाई, हे म्हावरं न्हाय."

"म्हणजे?"

"बोंबील न्हाय, सुकट न्हाय, वाकटी न्हाय. खाडीत असलं काय मिलत न्हाय." बोलत बोलत त्या फ्रिजपाशी गेल्या आणि मागच्या बोर्डाशेजारी भिंतीला हात लावला. लगेच काढूनही घेतला. "तुमच्या ह्यांना सांगा मेन बंद करा. भिंत तापली हाय."

आजोबांनी मेन स्विच पाडला. दुसऱ्या दिवशी पॉवरलूमच्या कारखान्यात काम करणारा एक वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला. आत सगळं तपकिरी झालं होतं, टेप वितळून लोंबत होती, जोडावर पांढरी भुकटी जमली होती, लाकडी पट्टी कोळशासारखी काळी पडली होती.

"मॅडम, अ‍ॅल्युमिनियम में कॉपर ऐसे मरोड के किसने लगवाया?"

आजोबा छताकडे बघू लागले. मी चहा ठेवायला गेले.

तर मुलांनो, झालं होतं ते असं. अ‍ॅल्युमिनियम तापलं की फुगतं, निवलं की आकसतं आणि जोड ढिला पडतो. तांब्याशी नुसता पिळून दिलेला जोड तर लवकर खराब होतो आणि तापतो. फ्यूज उडत नाही, कारण वीज जास्त ओढली जातच नाही. नुसतं आतल्या आत धुमसतं. बोर्डाचं प्लॅस्टिक तापलं की त्याचा वास हुबेहूब मासळीसारखा येतो. असा वास आला तर आधी मेन बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. टेप गुंडाळू नका. शेजाऱ्यांकडे जाऊ नका. आपण पुढे सगळ्या घरात तांब्याची वायर घातली, पट्ट्या उखडल्या आणि रंगाचं व्हायचं ते झालं.

मी मथुरावहिनींची माफी मागितली. आता सगळं पूर्वीसारखं करा, असं म्हटलं.

"पूर्वीसारखं कसं?" त्या म्हणाल्या. "ह्यांना आता बहिनीच्या हातची गोडी लागली. वायर तुमची जलली बाई, चूल माझी थंड झाली."

बळीरामभाऊ यथावकाश घरच्या जेवणावर परतले. दुपारचं येणंही पुन्हा सुरू झालं, पण पहिल्यासारखं रोज नाही. आणि तवा चढवण्याआधी भिंतीपलीकडून हाक यायची. "बाई, मेन बंद करू नका. आज म्हावरंच हाय." त्या हाकेत थट्टा किती आणि दुखणं किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

मी मोठ्याने "बरं वहिनी" म्हणायची, आणि गुपचूप उठून फ्रिजमागच्या भिंतीला हात लावून यायची.